डोरोथी खरोखर गेली होती काय ?

मुलांसाठीं लिहिलेल्या एखाद्या गोष्टीवरून मोठ्या माणसांनीं पिढ्यान् पिढ्या वाद घालावा, आणि तो वाद अजूनहि मिटूं नये, हें ऐकावयास जरा विचित्र वाटतें. परंतु अमेरिकेंत असा एक वाद चालू आहे, आणि त्याचें मूळ एका चिमुकल्या प्रश्नांत आहे. वावटळीनें घरासकट उचलून नेलेली डोरोथी नांवाची मुलगी ऑझ नांवाच्या अद्भुत देशांत खरोखर गेली होती, कीं अंथरुणावर पडल्या पडल्या तिला तें सारें स्वप्नांत दिसलें होतें ?

पुस्तकाचें उत्तर एक आहे, आणि त्यावरून निघालेल्या सर्वांत प्रसिद्ध बोलपटाचें उत्तर नेमकें उलट आहे. नवा बोलपट निघाला कीं पुस्तकाचे भक्त व जुन्या बोलपटाचे भक्त पुन्हा समोरासमोर उभे राहतात. वरवर पाहतां ते जोड्यांच्या रंगावरून, मुलीच्या वयावरून, नाहींतर गाळलेल्या प्रसंगांवरून भांडत असतात. पण त्या भांडणांच्या तळाशीं बहुधा हाच प्रश्न आढळतो. एका मुलानें सांगितलेली हकीकत वडील माणसांनीं खरी मानावयाची कीं नाहीं, असाहि तो प्रश्न मांडतां येईल.

'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हें पुस्तक १९०० सालीं शिकागो येथें प्रसिद्ध झालें. लेखक लायमन फ्रँक बॉम हा तेव्हां चव्वेचाळीस वर्षांचा होता, आणि तोंपर्यंत यशानें त्याच्याकडे फारसें पाहिलें नव्हतें. न्यूयॉर्क राज्यांत जन्मलेल्या या गृहस्थानें आधीं नाटकाचा धंदा करून पाहिला. पुढें डाकोटा प्रांतांत ॲबर्डीन गांवीं दुकान काढलें, तें बुडालें. वर्तमानपत्र चालविलें, तेंहि बंद पडलें. अखेर शिकागोस येऊन तो चिनी मातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता झाला. अवर्षणानें होरपळलेला डाकोटाचा सपाट मुलूख त्यानें स्वतः पाहिला होता. त्याच्या कथेंतील कॅन्सस प्रांताचें चित्र त्या अनुभवांतूनच उतरलें असें मानतात. तेथें नांगरलेली जमीन करडी, गवत करडें, उन्हापावसानें रंग उडालेलें घर करडें, आणि एम् काकूच्या गालांवरची लालीहि नाहींशी होऊन तेहि करडे. अशा ठिकाणीं हंसणारी काय ती एकटी पोरकी डोरोथी, आणि तिला हंसविणारा तिचा टोटो कुत्रा.

बॉमनें प्रस्तावनेंत आपला हेतु स्पष्ट सांगितला आहे. जुन्या परीकथांतून मुलांना धाक व बोध पाजला जाई. त्याला तसें करावयाचें नव्हतें. भीति आणि दुःख मागें ठेवून केवळ नवल आणि आनंद द्यावा, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती त्यानें पुरतेपणीं पाळली असें म्हणवत नाहीं, कारण पुस्तकांत लांडग्यांचीं मुंडकीं उडतात आणि चेटकीण पाण्यानें विरघळून मरते. पण एक गोष्ट त्यानें कटाक्षानें टाळली. ती ही कीं, शेवटीं सारें स्वप्न ठरवून मुलाच्या हातची वस्तु त्यानें काढून घेतली नाहीं.

पुस्तकाचा शेवट अगदीं त्रोटक आहे. एम् काकू कोबीला पाणी घालावयास बाहेर येते, तों डोरोथी धांवत येतांना दिसते. तिच्या पायांत जोडे नाहींत. ज्या चांदीच्या जादूच्या जोड्यांनीं तिला घरीं आणलें, ते वाटेंतच वाळवंटांत गळून पडले. आणि समोर जें घर उभें आहे तें नवें आहे, कारण जुनें वावटळीनें नेल्यावर हेन्री काकांना दुसरें बांधणें भाग पडलें. लेखकानें या गोष्टीवर जोर दिलेला नाहीं. पण बारकाईनें वाचणाऱ्या मुलांच्या ती बरोबर ध्यानांत राहिली.

पुढें १९१० च्या 'द एमरल्ड सिटी ऑफ ऑझ' या सहाव्या पुस्तकांत त्या घराचा हिशेबहि दिला आहे. नवें घर बांधण्यासाठीं काकांनीं शेत गहाण टाकून कर्ज काढलें होतें; तें फिटेना, आणि पेढीनें जमीन ताब्यांत घेण्याची वेळ आली. डोरोथीच्या ऑझच्या गोष्टी काकांना तोंवर पटलेल्या नव्हत्या; पोरीची आई जशी स्वप्नाळू होती, तशी तीहि, एवढेंच ते समजत. शेवटीं डोरोथी दोघांनाहि ऑझला घेऊन जाते आणि तीं तिघेंहि तेथेंच कायमचीं राहतात. स्वप्नांतल्या वावटळीनें कोणाचें शेत गहाण पडत नसतें, असें पुस्तकाचे भक्त म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें खोडून काढणें अवघड आहे.

या भक्तांची परंपरा पुस्तकाइतकीच जुनी आहे. मुलांच्या पत्रांचा वर्षाव होऊं लागला तेव्हां बॉमनें एका लहान मुलीला सांगितलें होतें कीं, हजार मुलींचीं हजार पत्रें आलीं तर आणखी गोष्ट लिहीन. तीं आलीं, असें १९०४ च्या दुसऱ्या पुस्तकांत त्यानें नमूद केलें आहे. त्यानें एकंदर चौदा पुस्तकें लिहिलीं. शेवटचें त्याच्या मृत्यूनंतर, १९२० सालीं निघालें. पुढें रूथ प्लमली थॉम्पसन या लेखिकेनें १९२१ पासून १९३९ पर्यंत एकोणीस पुस्तकें लिहून ती परंपरा चालविली.

मूळ कथेशीं खेळ करण्याचा पायंडा मात्र प्रत्यक्ष लेखकाच्या देखतच पडला. १९०२ सालीं शिकागोस या कथेचें संगीत नाटक झालें आणि पुढल्याच वर्षीं तें न्यूयॉर्कला गेलें. त्यांत टोटो कुत्र्याऐवजीं इमोजेन नांवाची गाय होती, आणि पश्चिमेची दुष्ट चेटकीण तर रंगमंचावर आलीच नाहीं ! बुजगावण्याचें व पत्र्याच्या लाकूडतोड्याचें काम करणाऱ्या स्टोन आणि मॉन्टगोमेरी या नटांनीं नाटक डोक्यावर घेतलें, आणि बॉमनें आपलें दुसरें पुस्तक या दोघांसच अर्पण केलें. तेव्हां मूळ लेखकाचा आत्मा तळमळत असेल, असें म्हणणाऱ्यांनीं ही अर्पणपत्रिका एकदां पाहावी हें बरें.

बॉमला स्वतःलाहि चित्रांचा नाद लागला. १९०८ सालीं त्यानें 'फेअरीलॉग अँड रेडिओ-प्लेज्' नांवाचा खेळ काढला. यांतील 'रेडिओ' या शब्दाचा आजच्या नभोवाणीशीं कांहीं संबंध नव्हता. हातानें रंगविलेल्या चित्रफितींना त्यानें तें नांव दिलें होतें. पांढरा पोशाख करून तो स्वतः व्यासपीठावर उभा राही, आणि पडद्यावरच्या चित्रांबरोबर कथा सांगे. प्रेक्षकांना खेळ आवडला. पण खर्च इतका कीं, त्या कर्जानें १९११ सालीं त्याच्यावर दिवाळें काढण्याची पाळी आली. बिनतारी संदेशाशीं त्याचा खरा संबंध आला तो कथेंत. १९१० मध्यें ऑझ देशाला अदृश्य कवच घालून त्यानें मालिका संपविली होती. परंतु मुलें ऐकेनात. तेव्हां १९१३ च्या पुस्तकांत त्यानें युक्ति काढली, कीं ऑझशीं आतां बिनतारी तारायंत्रानें बोलतां येतें, आणि तेथील हकीकती त्या वाटेनें मिळतात. जो देश स्वप्नांतला, तेथून तारा कशा येणार ? बॉमनें हा प्रश्न कधीं उपस्थितच होऊं दिला नाहीं. १९१४ मध्यें त्यानें लॉस एंजेलिस येथें ऑझच्या कथांसाठीं स्वतंत्र चित्रपटमंडळी काढली. तिचे मूकपट प्रौढांना पोरकट वाटले, आणि वर्षाभरांत ती बसली. १९२५ सालीं लॅरी सीमन या विनोदी नटानें काढलेला मूकपट कथेपासून इतका दूर गेला होता, कीं त्यांत डोरोथी ऑझची हरवलेली राजकन्याच निघाली. त्याविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं.

खऱ्या वादाचा आरंभ १९३९ पासून. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'ला अमाप यश मिळाल्यावर मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीनें ऑझचे हक्क घेतले. दिग्दर्शकांचे हात बदलत गेले; पडद्यावर नांव व्हिक्टर फ्लेमिंगचें आलें, आणि कॅन्ससचे प्रसंग किंग विडॉरनें घेतले. खर्च झाला २७ लाख ७७ हजार डॉलर. डोरोथी झाली सोळा वर्षांची ज्यूडी गारलँड. कॅन्सस तपकिरी छटेंत आणि ऑझ पूर्ण रंगांत दाखविण्याची कल्पना तर बॉमच्या करड्या पानांना अगदीं शोभणारी होती. चांदीचे जोडे रंगीत फितीवर खुलणार नाहींत म्हणून ते माणकांचे करण्यांत आले. बॉमची पत्नी मॉड ही तेव्हां हयात होती, आणि बोलपटाच्या पहिल्या खेळाला ती मोठ्या मानानें उपस्थित राहिली.

जोडे बदलले म्हणून फारसें बिघडलें नाहीं. बिघडलें तें शेवटीं. डोरोथी डोळे उघडते तों आपल्याच बिछान्यावर. घर जागच्या जागीं. भोंवतीं काका, काकू आणि शेतावरचे तीन गडी. हेच गडी बुजगावणें, लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह होऊन तिच्या स्वप्नांत आलेले. तें खरेंखुरें ठिकाण होतें, असें मुलगी पुनःपुन्हां सांगते. मंडळी मायेनें हंसतात. काका तर विश्वास आहे असेंहि म्हणतात, पण ज्या स्वरांत तापांतल्या मुलाची समजूत घालावी त्या स्वरांत. शहाण्या प्रेक्षकाला निव्वळ अद्भुत पचत नाहीं, ही तेव्हांच्या निर्मात्यांची समजूत होती. पॅरामाउंटचा 'ॲलिस' हा बोलपट १९३३ मध्यें पडला होता, त्याचाहि धाक असावा.

मराठी श्रोत्यांना येथें एक गोष्ट सहज आठवेल. हरिश्चंद्रानें स्वप्नांत दिलेलें राज्य जागेपणीं देऊन टाकलें, आणि उषेनें स्वप्नांत पाहिलेला अनिरुद्ध चित्रलेखेनें प्रत्यक्ष शोधून आणला. आपल्या कथांत स्वप्न हा पुरावा असतो. हॉलिवुडच्या त्या बोलपटांत मात्र स्वप्न म्हटलें कीं पुरावा संपला.

बोलपटाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें न सांगणें अन्यायाचें होईल. पुस्तकांतील डोरोथी वावटळीनें नेली म्हणून जाते. बोलपटांतील डोरोथी घराला कंटाळलेली आहे, तिला दूर कोठें तरी जावयाचें आहे. म्हणून तिच्या परत येण्याला जें वजन येतें तें पुस्तकांत नाहीं. ज्या मित्रांसाठीं ती रानोमाळ हिंडली ते आपल्याच अंगणांत होते, हा शोध तिला लागतो, आणि तो स्वप्नावांचून लागला नसता. ही रचना ज्यांनीं केली त्यांना पुस्तक समजलें नव्हतें, असें म्हणणें केवळ हट्टाचें आहे. तरी पण पुस्तकाचे भक्त एक बोचरा प्रश्न विचारतात. ज्या मिस् गल्चनें टोटोला मारण्याचा हुकूम आणला होता, तिचें पुढें काय झालें ? बोलपट तें सांगतच नाहीं. जागें होऊन डोरोथीला घर मिळालें. कुत्रा वांचला कीं नाहीं, तें कोणालाच ठाऊक नाहीं.

पहिल्या फेरींत या बोलपटानें खर्चहि भरून काढला नाहीं. फायदा दिसला तो १९४९ मध्यें तो पुन्हा दाखविला तेव्हां. त्याचें खरें राज्य सुरू झालें ३ नोव्हेंबर १९५६ पासून. त्या रात्रीं तो अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, आणि १९५९ नंतर दरवर्षीं दाखविण्याचा जणूं कुळाचारच पडला. याचा परिणाम असा झाला, कीं ज्या मुलांनीं पुस्तक उघडलेंहि नव्हतें, त्यांना गोष्ट तोंडपाठ झाली. आणि ती गोष्ट स्वप्नाची होती. अशा वेळीं, १९५७ च्या आरंभीं, तेरा वर्षांच्या एका मुलानें ऑझच्या पुस्तकांच्या भक्तांचें मंडळ काढलें. सभासद सोळा. त्यांनीं 'बॉम बिगल' नांवाचें नियतकालिक सुरू केलें, आणि तें टिकलें. त्याच सालीं डेट्रॉईटच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखांनीं या पुस्तकांत मुलांच्या उपयोगाचें कांहीं नाहीं असें सांगितलें. मुलांच्या कपाटांत तीं ठेवलीं जात नसत. म्हणजे एकीकडे बोलपट घरोघर पोंचत होता, आणि दुसरीकडे पुस्तक कपाटाबाहेर होतें. पुस्तकाच्या भक्तांचा आवाज कधीं कधीं चढा लागतो त्याचें कारण हें आहे. त्यांना बोलपट आवडत नव्हता असें नाहीं. बोलपटाखालीं पुस्तक पुरलें जाईल ही त्यांची भीति होती.

१९७८ चा 'द विझ्' हा बोलपट निग्रो कलावंतांच्या गाजलेल्या संगीत नाटकावरून निघाला. त्यांत डोरोथी हार्लेममधील चोवीस वर्षांची शिक्षिका झाली, आणि जोडे पुन्हा चांदीचे झाले. पण तारुण्यांतील नायिका पाहून दोन्हीकडचे भक्त सारखेच नाराज झाले.

खरी लढाई झाली ती १९८५ च्या 'रिटर्न टु ऑझ' या बोलपटावरून. ऑझच्या पुढील पुस्तकांचे हक्क डिस्नेकडे १९५४ पासून पडून होते. वॉल्टर मर्च या ध्वनि-संकलनांतील नामांकित कारागिराला दिग्दर्शन देण्यांत आलें, आणि त्यानें दुसऱ्या व तिसऱ्या पुस्तकांतून कथा बांधली. डोरोथी झाली फेरूझा बाल्क, वय नऊ-दहा वर्षांचें. मूळ चित्रांतील मुलीसारखीच. आरंभ होतो वावटळीनंतर सहा महिन्यांनीं. जुनें घर गेलेलें; नवें अर्धवट उभें; काकांचा पाय मोडलेला; कर्ज डोक्यावर. पुस्तकांतला तो पुरावा पडद्यावर प्रथमच दिसला ! आणि मुलीला झोंप येत नाहीं, ती सारखी ऑझच्या गोष्टी सांगते, म्हणून एम् काकू तिला एका डॉक्टराकडे विजेच्या उपचारासाठीं नेऊन सोडते.

मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीं म्हणजे काय होतें, हें याहून स्पष्टपणें कोणत्याच बोलपटानें दाखविलेलें नाहीं. गाणीं ऐकावयास आलेलीं कुटुंबें दचकलीं. टीकाकारांनीं हें मुलांना भिवविणारें आहे असें म्हटलें. बोलपट आर्थिक दृष्ट्या साफ पडला. जुन्या बोलपटाच्या भक्तांना तो विटंबनेसारखा वाटला, तर पुस्तकाच्या भक्तांना, इतक्या वर्षांनीं आपलें कोणी तरी ऐकलें, असें वाटलें. वास्तविक मर्चनें दोन्ही दरडींवर पाय ठेवला होता. डॉक्टर आणि परिचारिका यांचींच तोंडें ऑझमधील दुष्टांना आहेत. माणकांचे जोडेहि, दुसऱ्या कंपनीला मोबदला देऊन, त्यानें घेतले. परंतु शेवट त्यानें असा केला : घरीं परतलेल्या डोरोथीला आरशांत ऑझची राणी दिसते, आणि ती ओंठांवर बोट ठेवते. मुलगी काकूला कांहीं सांगत नाहीं. ऑझ खरा आहे, फक्त मोठ्या माणसांजवळ तें बोलावयाचें नाहीं. पुढें घरगुती फितींवर तो बोलपट पाहणारी पिढी तयार झाली, आणि जो पडला होता तो कित्येकांचा जिवाभावाचा ठरला.

गेल्या दोन वर्षांतला वाद 'विकेड'चा. ग्रेगरी मॅग्वायर यांनीं १९९५ मध्यें दुष्ट चेटकिणीच्या बाजूनें, आणि प्रौढांसाठीं, एक कादंबरी लिहिली. तिच्यावरून २००३ सालीं संगीत नाटक झालें, आणि त्याचे दोन बोलपट २०२४ व २०२५ च्या नोव्हेंबरांत आले. चेटकिणीचें एल्फाबा हें नांव बॉमच्या आद्याक्षरांवरून पाडलेलें. पण तिचा हिरवा रंग १९३९ च्या बोलपटांतून आलेला. पुस्तकांतली चेटकीण हिरवी नाहीं, एकाक्ष आहे. जोडे मात्र या नव्या बोलपटांत पुन्हा चांदीचे झाले, तें पाहून पुस्तकाचे भक्त सुखावले. इकडे माणकांच्या मूळ जोड्यांपैकीं, २००५ मध्यें चोरीस जाऊन २०१८ मध्यें सांपडलेला एक जोड, डिसेंबर २०२४ च्या लिलांवांत २ कोटी ८० लाख डॉलरांच्या बोलीला गेला ! कर आणि दलाली निराळी.

या गडबडींतच ऑगस्ट २०२५ मध्यें लास व्हेगास येथील घुमटाकृति प्रेक्षागृहांत १९३९ चाच बोलपट नव्या रूपांत आला. पडदा १ लक्ष ६० हजार चौरस फुटांचा. तो भरून काढण्यासाठीं कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांकडून चित्रांच्या कडा वाढविल्या, आणि १०२ मिनिटांचा बोलपट कापून सुमारें ७५ मिनिटांचा केला. मूळ कृतीला हात लावण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा आक्रोश जुन्या बोलपटाच्या भक्तांनीं केला. पुस्तकाचे भक्त हेंच वाक्य कित्येक वर्षें बोलत आले होते. त्यांच्यांतील कांहींनीं मिशींतल्या मिशींत हंसून घेतलें असेल तर नवल नाहीं.

'विकेड'नें एक मोठी मागणी पुरी केली. त्यांत स्वप्नाचा संबंधच नाहीं. ऑझ हा खराखुरा देश आहे; त्याला राजकारण आहे, विद्यापीठ आहे, आगगाडी आहे. परंतु दुसऱ्या भागांत जेव्हां वावटळ येते आणि डोरोथी त्या देशांत उतरते, तेव्हां ती दिसते पाठमोरी, दुरून, सावलीसारखी. कोणाच्याहि मनांतील डोरोथीला धक्का लागूं नये, म्हणून दिग्दर्शक जॉन चू यांनीं तिचा चेहरा दाखविलाच नाहीं. ज्यांना ऑझ खरा हवा होता त्यांना तो मिळाला, आणि त्यांत डोरोथीला तोंड नव्हतें. भक्तमंडळींत सध्यां वाद चालला आहे तो यावरच.